बर्फातही हिरवी राहिलेली नळी

१

नळी बर्फात बुडवून पाच मिनिटं झाली, तरी आतलं द्रव हिरवं ते हिरवंच.

खोलीत आठ माणसं होती आणि सगळ्यांचे डोळे त्या नळीवर. स्वांट्ये ब्रोकाम्प काचपात्रावर वाकून पुटपुटत होती, "थांबा ना, अजून थोडं थांबा. निळी होईल. झालीच पाहिजे."

"बाई, आम्ही पुरेसं थांबलो," चौकशी समितीचे अध्यक्ष हेल्मिश म्हणाले. म्हातारे होते, दुसऱ्या विद्यापीठातून निवृत्त होऊन आलेले, आणि आवाज तर असा गोड की अंगावर काटा यावा. "तुमच्या प्रबंधात लिहिलंय की हे कोबाल्टचं संयुग थंडीत निळं होतं आणि उबेत हिरवं. हे होत नाही. शिवाय काल आम्ही दुसरी नळी फोडून तपासून घेतली. आत कोबाल्ट नाहीच. निकेल आहे."

"निकेल? शक्यच नाही!"

"मग तुमच्याच अक्षरातली चिठ्ठी त्या नळीवर कशी?"

पोरगी पांढरीफटक पडली. तिचे गुरू, प्रोफेसर ओलेनडोर्फ, खिडकीशी हाताची घडी घालून उभे होते. तक्रार केली होती ती त्यांनीच. सहा वर्षं आपल्या हाताखाली राबलेल्या मुलीविरुद्ध. आता ते दुःखी चेहरा करून बाहेरचा पार्किंग लॉट बघत होते.

दाराशी हायड्रून विटकोप उभी होती. ती या संस्थेची काचकारागीर. बर्फाचं दुहेरी भिंतीचं पात्र तिनेच घडवलेलं, म्हणून ते आणून द्यायला तिला बोलावलं होतं. रसायनशास्त्रातलं तिला फारसं कळत नसे, पण बावीस वर्षांत या इमारतीतली प्रत्येक बंद नळी तिच्या डोळ्यांखालून गेली होती. हेल्मिशनी नळी पुसून उजेडात धरली. सगळे आतल्या हिरव्या रंगाकडे बघत होते. हायड्रूनने नळीचं टोक पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही नळी माझी नाही," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"स्वांट्येच्या नळ्या मी सील केल्यात. ही मी केलेली नाही. कोणीतरी बदललीय!"

"विटकोपबाई," ओलेनडोर्फ शांतपणे म्हणाले, "बर्फाबद्दल आभार. तुम्ही आता वर्कशॉपमध्ये गेलात तरी चालेल."

आणि समितीतल्या एकाने तिच्यासाठी दार उघडून धरलं.

२

दुपारी नोटीस लागली. तळमजल्यावरच्या फलकावर, कँटीनच्या दाराशी, म्हणजे करीवुर्स्टच्या सॉसेजसाठी रांगेत उभं राहणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी. "स्वांट्ये ब्रोकाम्प यांच्या प्रबंधात बनावट पुरावा आढळला असून अंतिम निर्णय शुक्रवारी अकरा वाजता." खाली शिक्का.

"शुक्रवारी निर्णय लागला की संपलं," स्वांट्ये म्हणाली. वर्कशॉपमध्ये, विझलेल्या बर्नरशेजारी, ती स्टुलावर बसली होती. "डॉक्टरेट जाईल ते जाऊ दे. पण लबाड म्हणून नाव पडलं की मला कुठल्याही लॅबमध्ये नळी धुवायलासुद्धा कोणी उभं करणार नाही. नवीन संयुग बनवून दाखवू म्हटलं तर चार महिने लागतात, आणि माझी किल्ली काढून घेतलीय."

"रडतेस कशाला? चीड. मला बघ, मी कशी चिडलेय," हायड्रून म्हणाली. "आणि मला नीट सांग, त्या नळीत होतं काय एवढं?"

स्वांट्येने नाक पुसलं. "मधे धातूचा अणू. त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे रेणू, त्यांना लिगंड म्हणतात. सर पंचवीस वर्षं सांगत आलेत की हे लिगंड नुसते धरून बसतात. इलेक्ट्रॉनची देवघेव जी काय करायची ती धातूने. त्यावर त्यांचं नाव झालं. वसंतात त्यांना पदक मिळणार आहे ते त्यावरच. माझ्या कोबाल्टमध्ये लिगंडच इलेक्ट्रॉन घेतात. गार झालं की इलेक्ट्रॉन लिगंडवर येऊन बसतो, रंग निळा. ऊब लागली की परत कोबाल्टकडे, रंग हिरवा. हातात धरलं तरी बदलतं."

"आणि निकेल?"

"निकेल तसलं काही करत नाही. तेही हिरवंच दिसतं, पण गार करा, गरम करा, ढिम्म. सरांचा स्वतःचा प्रबंध निकेलवरच होता."

"नळ्या ठेवल्या कुठे होत्यास?"

"लाकडी पेटीत, लॅबच्या कपाटात. कपाटाची किल्ली माझ्याखेरीज तिघांकडे. सर, योब्स्ट आणि मारेक."

योब्स्ट टेरहोर्स्ट म्हणजे लॅबमधला वरिष्ठ संशोधक. मारेक गोलोंबेक म्हणजे तंत्रज्ञ, पंप आणि सिलिंडर सांभाळणारा.

"पेटीत तीन नळ्या होत्या," स्वांट्ये म्हणाली. "तिन्हीत निकेल."

हायड्रून एकदम थांबली. "तीन? अगं, मी तुला चार सील करून दिल्या होत्या."

"चौथी महिन्यापूर्वी फुटली. योब्स्टच्या हातून. तोच म्हणाला."

हायड्रूनने कोपऱ्यातली बादली पुढे ओढली. या इमारतीत फुटलेली काच कचऱ्यात टाकायची नाही, हायड्रूनच्या बादलीत आणून टाकायची, हा तिचा नियम होता आणि प्रोफेसर मंडळीसुद्धा तो पाळत. रोज संध्याकाळी तुकडा न् तुकडा तिच्या हाताखालून जाई.

"त्या मापाची फुटकी नळी," ती म्हणाली, "या बादलीत आलेलीच नाही."

३

बुधवारी सकाळी तिने मारेकला बोलावलं. कच्च्या खिम्याचा, कांदा पेरलेला पाव त्याच्या हातात होता.

"खाली ठेव तो पाव आणि मला एक नळी सील करून दाखव," हायड्रून म्हणाली.

"का? माझी परीक्षा घेतेस होय? बारा वर्षं झाली मला इथे!"

"मारेक, माझं डोकं फिरलेलं आहे. जास्त बोलू नकोस."

मारेकने मुकाट्याने नळी पंपाला लावली, आतली हवा ओढून घेतली, नळीची मान ज्योतीत धरली. काच मऊ होऊन आत दबली तशी नळी फिरवत फिरवत ओढून घेतली. टोक झालं मिरचीच्या देठासारखं, निमुळतं आणि जरा वाकडं. दर वर्षी नव्या मुलांना हायड्रून हेच शिकवायची.

"झालं समाधान? आता मी सांगतो ते ऐक," पाव उचलत मारेक म्हणाला. "शनिवारी योब्स्ट तळघरात सायकलींच्या खोलीत काहीतरी लपवत होता. हा एवढा मोठा खोका. मी हाक मारली तर असा दचकला की विचारू नकोस."

दहा मिनिटांत हायड्रून योब्स्टच्या टेबलासमोर उभी होती. त्यानेही नळी सील करून दिली. टोक तेच, मिरचीचं देठ.

"चौथी नळी फुटली म्हणालास. तुकडे कुठे आहेत?"

"तुकडे... टाकले."

"कुठे टाकलेस?"

"कचऱ्यात टाकले असतील, हायड्रूनबाई. आठवत नाही मला."

"सहा वर्षांत एकदा तरी काच कचऱ्यात टाकलीस का रे? पहिल्याच वर्षी मी तुझी सगळ्यांसमोर हजेरी घेतली होती. शपथेवर सांग!"

योब्स्टचे कान लाल झाले. "मला काम आहे," म्हणून तो उठला आणि चक्क पळाला. हायड्रून तळघरात गेली. सायकलींच्या खोलीत खोका नव्हता. भिंतीशी धुळीत फक्त त्याचा चौकोन उमटला होता.

४

खोटं बोलत होता योब्स्ट, यात शंकाच नव्हती. पण वर्कशॉपमध्ये येऊन बसल्यावर हायड्रूनला चैन पडेना. हेल्मिशच्या हातातल्या नळीचं टोक मिरचीच्या देठासारखं नव्हतं. ते बटणासारखं चपटं होतं आणि त्यावर काळसर ठिपका होता.

असं टोक कसं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिचे उस्ताद श्ट्राटमन मऊ काच ग्राफाइटच्या पाटीवर दाबायचे. दिसायला नीटनेटकं, पण चपटं टोक पुढे तडकतं. एकदा तशी नळी एका मुलीच्या तोंडावर फुटली होती. वर्कशॉप हातात आलं त्याच सोमवारी हायड्रूनने ती पद्धत बंद केली. त्या पाटीचेही तिने तुकडे केले होते. त्याला बावीस वर्षं झाली. त्याआधी शिकलेले सगळे कुठे कुठे निघून गेले. या इमारतीत उरले होते दोघे. एक ओलेनडोर्फ, ज्यांनी इथेच श्ट्राटमनकडे नळ्या सील करायला शिकून डॉक्टरेट केली होती.

दुसरी ती स्वतः.

गुरुवारी ती सरळ प्रोफेसरांच्या खोलीत गेली. खोली उन्हाची, टापटीप. भिंतीवर मानपत्रं, काचेच्या कपाटात जुन्या दिवसांचं सामान: पितळी तराजू, फोटो, पडक्या दातांसारख्या मधेमधे जागा सोडून नळ्या खोवलेली एक लाकडी पट्टी. ओलेनडोर्फनी तिला बसायला सांगितलं आणि कॉफी ओतली. दोन वर्षांपासून त्यांचे हात कापत. अर्धी कॉफी बशीत सांडली.

"साहेब, तुम्ही शेवटची नळी कधी सील केलीत?" हायड्रूनने विचारलं.

"मी? वीस वर्षं झाली असतील. आता हे असे हात. का?"

"त्या खोट्या नळीचं टोक श्ट्राटमन पद्धतीचं आहे."

ओलेनडोर्फनी बशी खाली ठेवली. ते घाबरले नाहीत. उलट किंचित हसलेच.

"ती पद्धत आता कोणाला येते, विटकोपबाई?"

"तुम्हाला. आणि मला."

"माझ्या हातांची अवस्था सगळी संस्था बघते," ते म्हणाले. "म्हणजे राहिलं कोण? त्या मुलीवर तुमचा भारी जीव. तिला मदत म्हणून निकेल भरून नळ्या कोणी सील करून दिल्या, हे समितीला विचारायला लावू का? उद्या अकरा वाजता तुम्ही गप्प राहिलात, तर मीही राहीन."

हायड्रून उठली. तिला इतका राग आला होता की पायांखालची जमीन दिसत नव्हती. या माणसाचं फुटकंतुटकं तिने बावीस वर्षं जोडून दिलं होतं.

"मी गप्प राहत नसते," ती म्हणाली. पण जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की त्या माणसाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या कापऱ्या हातांनी ज्योतीत नळी धरणं शक्यच नव्हतं.

५

शुक्रवारी सकाळी पावणेअकराला पारा शून्याखाली चार होता. योब्स्ट पार्किंग लॉटमध्ये गाडीची डिकी उघडत होता तेवढ्यात मागून हायड्रूनने त्याची कॉलर धरली.

"खोका काढ."

"हायड्रूनबाई, प्लीज..."

"काढतोस की मारेकला हाक मारू?"

योब्स्टने खोका काढला. आत काळ्या पुठ्ठ्याची डॉक्टरटोपी होती. तोंडी परीक्षा पास झाली की सहकाऱ्यांनी स्वतः बनवून डोक्यावर घालायची ती, उमेदवाराच्या सगळ्या फजित्या चिकटवलेली. स्वांट्येचा मोडका चष्मा होता, जळलेला हातमोजा होता, तिच्या कुत्र्याचा फोटो होता. आणि अगदी शेंड्यावर, तुऱ्यासारखी तारेने बांधलेली, एक बंद नळी.

नळीतलं द्रव गडद निळं होतं.

हायड्रूनने नळी सोडवली. टोक मिरचीच्या देठासारखं. तिचं स्वतःचं. तिने अंगठा काचेवर टेकवला. हळूहळू अंगठ्याखाली हिरवा डाग उगवला आणि पसरू लागला.

"तू पेटीतून उचललीस ही!"

"तिला सरप्राइज द्यायचं होतं," योब्स्ट रडकुंडीला आला होता. "चार होत्या, म्हटलं एक घेतली तर काय बिघडतं. फुटली म्हणून सांगितलं. मग हे सगळं झालं. पेटीतून नळी चोरली म्हटल्यावर बदलाबदलीही माझ्याच गळ्यात पडली असती. सरांच्या सहीवर माझी नोकरी आहे."

"आणि ती पोरगी? तिचं काय वाट्टेल ते होऊ दे, असंच ना? तू इतके दिवस तिचा जीव खोक्यात लपवून बसलायस, गाढवा!" कानाखाली द्यायला तिचा हात वर गेला होता. तो तिने कसाबसा आवरला. "आता माझ्याबरोबर वर चल. आणि जे मला सांगितलंस तेच शब्दाला शब्द तिथे सांग."

"पण मग खोट्या नळ्या सील केल्या कोणी? सरांचे हात तर आता चालत नाहीत."

हायड्रूनचं पाऊल जागच्या जागी थांबलं. हात आता चालत नाहीत. आता! तिने खाडकन कपाळावर हात मारला आणि धावतच जिना चढली.

६

"ही बैठक खासगी आहे," समितीतल्या त्याच दार उघडणाऱ्या माणसाने सुरुवात केली.

"दार उघडून धरायला येतं तुम्हाला, तसंच बंद करा आणि बसा," हायड्रून म्हणाली.

तिने नळी बर्फात बुडवली. खोलीच्या उबेत हिरवी झालेली नळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काळपट झाली, मग निळी. हेल्मिशनी ती हातात घेतली आणि त्यांच्या बोटांखाली हिरवे ठिपके उमटले. म्हातारा लहान मुलासारखा बघतच राहिला. योब्स्टने टोपीची हकिगत सांगितली. मान खाली घालून सांगितली, पण सांगितली.

"म्हणजे संयुग खरं आहे," हेल्मिश सावकाश म्हणाले.

"असेलही," ओलेनडोर्फ म्हणाले. "पण बाकीच्या तीन नळ्यांत निकेल होतं, हेही खरं. त्यांच्यासारखं चपटं टोक करता येणारे दोघेच, हे विटकोपबाईंनीच मला सांगितलं. माझे हात बघा. आता तुम्हीच ठरवा."

हेल्मिश हायड्रूनकडे वळले. "बाई, त्या नळ्या तुम्ही सील केल्यात?"

"नाही."

"मग प्रोफेसरांनी?"

"या आठवड्यात नाही, या वर्षातही नाही," हायड्रून म्हणाली. "मी दोन दिवस डोकं फोडत होते की आता अशी सील कोण करू शकेल. प्रश्नच चुकीचा होता. आता कोणी केलेलीच नाही. त्या नळ्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या आहेत. साहेबांच्या स्वतःच्या प्रबंधातल्या. निकेलच्या. स्वांट्येच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या काढून यांवर चिकटवल्यात. वरची चिठ्ठी सोडवून बघा."

हेल्मिशनी उरलेल्या नळीवरची स्वांट्येची चिठ्ठी नखाने सोलली. खाली जुन्या डिंकाचा तपकिरी चौकोन होता, चिठ्ठीपेक्षा थोडा लांब; तिथे आधी दुसरीच चिठ्ठी होती.

"आता वरच्या मजल्यावर चला. साहेबांच्या कपाटात लाकडी पट्टी आहे. भोकं आठ, नळ्या पाच. पाचही चपट्या टोकांच्या असल्या नाहीत तर मला आजच कामावरून काढा. तीन रिकाम्या भोकांभोवतीचं लाकूडही बघा, अजून गडद आहे. बाकी पट्टी उन्हाने फिकी पडलीय. नळ्या वर्षानुवर्षं बाहेर असत्या तर ते गोलही फिके पडले असते. रसायनवाले तुम्ही सगळे, नळीच्या आत बघता. काच कोण बघतंय! यांनीसुद्धा रंग तेवढा जुळवला, टोकाकडे पाहिलंच नाही."

वर जायची गरजच पडली नाही. ओलेनडोर्फनी खुर्ची ओढून घेतली आणि ते बसले.

"ऑक्टोबरात तिने मला ती नळी दाखवली," ते म्हणाले. "माझ्या हातात दिली. माझ्याच हातात रंग बदलला. पंचवीस वर्षं मी जगाला सांगितलं की लिगंड काही करत नाहीत. पाठ्यपुस्तकांत छापलंय ते. एका मुलीच्या एका नळीने... मला फक्त पदकापर्यंत वेळ हवा होता. नंतर तिचं काहीतरी केलं असतं मी."

"काहीतरी!" हायड्रून ओरडली. "लबाड म्हणून तिचं नाव कँटीनच्या दाराशी टांगलंत आणि नंतर काहीतरी केलं असतं म्हणता? तुम्ही चुकला होतात एवढं म्हणायचं होतं हो. एवढंच! जीभ झडली असती का?"

हेल्मिशनी ओलेनडोर्फना बाहेर थांबायला सांगितलं आणि दुसऱ्या सदस्याला नोटीस काढायला खाली पाठवलं. मग ते कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळले. इतका वेळ स्वांट्ये तिथे बसून होती.

"ब्रोकाम्पबाई, समितीला मनापासून खेद आहे. जाहीर माफी लेखी देऊ, त्याच फलकावर, प्रोफेसरांच्या नावासकट. परीक्षा दुसऱ्या परीक्षकांपुढे, तुम्ही म्हणाल त्या दिवशी. आणखी काही हवं असेल तर सांगा."

"हवंय," स्वांट्ये उभी राहिली. "तुम्ही नळीला विचारलंत. माझ्या वह्यांना विचारलंत. सरांना तर तासभर विचारलंत. चार दिवसांत एक प्रश्न मला कोणी विचारला नाही. तो विचारा."

"कोणता?"

ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

मग हेल्मिशना कळलं. त्यांनी चष्मा काढला, आणि त्या गोड आवाजातला गोडवा पार गेला होता.

"ब्रोकाम्पबाई, तुम्ही फसवणूक केलीत का?"

"नाही," स्वांट्ये म्हणाली.

आणि मग ती टेबलाला धरून हमसून हमसून रडू लागली. कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला, कोणीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं. हायड्रूनने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि पोरीला पोटभर रडू दिलं.